घरचे अकरा सामने

आमच्या टेबलताईने आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं. तेही एकदा नाही, अकरा वेळा. मी तिच्या उजव्या हाताला बसलेला होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो. आणि इतकी वर्षं मूग गिळून बसलो होतो, म्हणून सांगायला जरा उशीरच झालाय.

टेबल म्हणजे बास्केटबॉलच्या कोर्टाच्या कडेला, दोन्ही संघांच्या बाकांच्या मधोमध असतं ते लांब टेबल. तिथे आम्ही चौघं बसायचो. एकाकडे सामन्याचं घड्याळ, एकाकडे भिंतीवरचा गुणफलक, माझ्याकडे चोवीस सेकंदांचं घड्याळ आणि ताईकडे स्कोअरशीट. चोवीस सेकंदांत संघाने बास्केटकडे चेंडू टाकला नाही की माझा भोंगा वाजायचा आणि पाच हजार माणसं एका सुरात माझ्या खानदानाचा उद्धार करायची. दिवसा मी लिफ्ट दुरुस्त करायचो. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, असं ती म्हणायची, आणि स्कोअरशीटलाही तिने तोच हिशेब लावला होता. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. दोन्ही पेनं ती घरून आणायची. लीगच्या पेनांवर तिचा विश्वास नव्हता.

तिचा आणखी एक हट्ट होता. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत कागद टेबलावरून हलत नाही. एकदा लीगच्या अध्यक्षांनी वरच्या पाहुण्यांच्या खोलीतून निरोप पाठवला की शीट वर पाठवा, बघून सही करतो. ताईने निरोप्याला सांगितलं, पायऱ्या बावीस आहेत, साहेबांना सांभाळून उतरायला सांगा. अध्यक्ष उतरले. चेहरा लालबुंद होता, पण उतरले.

आता खरी अडचण. आमच्या घरच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते ताईचे सख्खे थोरले भाऊ. सगळा हॉल त्यांना 'थोरले' म्हणायचा आणि त्यांच्या सहायकाला 'धाकटे'. धाकट्यांचं थोरल्यांशी काही नातं नव्हतं, बाकावर शेजारी बसायचे एवढंच. भाऊ बाकावर, बहीण टेबलावर, मग लोक बोलणारच. बंदरावरच्या संघाचे प्रशिक्षक तर उघड बोलायचे. हे गृहस्थ आधी कॉलेजात शिकवायचे म्हणून त्यांना सगळे 'प्राध्यापक' म्हणत. पेपरात त्यांनी एकदा छापून आणलं होतं की थोरल्यांचे निम्मे विजय बहिणीच्या पेनातून आलेत.

ते धादांत खोटं होतं. ताई तर भावाच्या बाबतीत जास्तच कडक होती. एका अंतिम सामन्यात शेवटची दोन मिनिटं उरली असताना थोरल्यांच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचा पाचवा फाउल झाला. पंचांचं मोजण्यात चुकलं होतं, ते चारच धरून चालले होते. ताईने भोंगा दाबला आणि पाच बोटं वर केली. खेळाडू बाहेर गेला, संघ सामना हरला. थोरले महिनाभर बहिणीशी बोलले नाहीत. ताई मला म्हणाली, "नाही बोलला तर नाही बोलला. पाच म्हणजे पाच." असं म्हणून डोळे पुसले आणि पेनांची टोपणं लावली.

अशी ही बाई.

लीगला पन्नास वर्षं झाली तेव्हा मंडळाच्या डोक्यात आलं की आजवरच्या सर्व व्यावसायिक प्रशिक्षकांची क्रमवारी लावायची. दहा नावं, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, हॉलच्या भिंतीवर कायमची. मला विचाराल तर हा उद्योग रिकामटेकड्यांचा. ज्याला क्लबने सात फुटी खेळाडूंची रांग आणून दिली आणि जो जिंकला, तो थोर? की ज्याने इतरांनी नाकारलेले पाच जण घेऊन शेवटून पहिला येणारा संघ चौथा आणला, तो? विजेतेपदं मोजायची की विजय? मध्यंतराला वीस गुणांनी मागे असताना कपडे बदलायच्या खोलीत दार लावून जे बोलला, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांनासुद्धा मी या विषयावर भांडताना ऐकलंय. समितीचे पाच जण तीन महिने भांडले, एकमेकांची तोंडं बघेनासे झाले आणि शेवटी आकड्यांना शरण गेले. आधी विजेतेपदं बघायची, ती सारखी असतील तर एकूण विजय. आणि दोनशेपेक्षा कमी विजय असलेला माणूस यादीतच घ्यायचा नाही.

थोरल्यांची विजेतेपदं सहा, प्राध्यापकांचीही सहा. थोरल्यांचे विजय चारशे बारा, प्राध्यापकांचे चारशे पाच. म्हणजे पहिला नंबर थोरल्यांचा. सगळा हॉल खूश. थोरले तेव्हा बहात्तर वर्षांचे, वहिनी जाऊन दोन वर्षं झालेली, घरात एकटे. त्या पहिल्या नंबराची बातमी कळल्यापासून ते पुन्हा दाढी करायला लागले, असं ताईच मला म्हणाली.

धाकट्यांनी पुढे बारा वर्षं निरनिराळ्या गावांत पडेल संघ चालवले आणि नंतर एका शाळेत शिट्टी गळ्यात अडकवून मुलांना शिकवायला लागले. त्यांचे विजय एकशे चौऱ्याण्णव. सहाने हुकले.

आकडे पक्के करायला मूळ स्कोअरशीट तपासायच्या होत्या. त्या सगळ्या आमच्या हॉलच्या प्रेक्षक-पायऱ्यांखाली एका तिरक्या छताच्या खोलीत खोक्यांत भरून ठेवलेल्या. लीगच्या चिटणीसबाईंनी ताईला बोलावलं. ताई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण तिच्या सहीशिवाय कोणाचाच कोणावर विश्वास बसला नसता. मदतीला मी. तीन आठवडे आम्ही त्या खोलीत मान वाकवून कागद काढत होतो, चिटणीसबाई कॉम्प्युटरवर आकडे जुळवत होत्या. एक खोकं ताई रोज उचलायची आणि रोज मागे ढकलायची. कुठल्या सालाचं ते मला माहीत होतं. मीही काही बोललो नाही.

दुसऱ्या आठवड्यात धाकट्यांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, पाठदुखीचं सांगितलं, मग म्हणाले, "माझे किती भरले रे?"

मी म्हटलं, एकशे चौऱ्याण्णव.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

ताई समोरच बसली होती. तिने आकडा ऐकला होता. तिने हातातला कागद खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मला तेव्हा तिचा राग आला होता. माझाही आला होता.

त्या खोक्यातल्या सालाची गोष्ट अशी. सव्वीस वर्षांपूर्वी, हंगामाच्या मध्यावर, थोरल्यांना हॉलमध्ये पाऊल टाकता येईना. ओळीने चार सामने हरले होते, पेपरवाले तुटून पडले होते. एका दुपारी हॉलच्या मागच्या दारापर्यंत आले आणि हातपाय थरथरायला लागले, छातीत धडधड, दरदरून घाम. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. क्लबने ही गोष्ट दाबली. बाहेर सांगितलं की घसा बसलाय, प्रवास बंद, घरच्या सामन्यांना थोरले वरच्या काचेच्या खोलीतून सूत्रं हलवतात. त्या खोलीचे पडदे कायम खाली. खोलीत कोणी नसायचं. थोरले हॉलमागे गाडी लावून आत बसलेले असायचे, रेडिओ ऐकत. बाकावर एकटे धाकटे.

बाहेरगावच्या सामन्यांत तिथल्या लेखनिकांनी प्रशिक्षक म्हणून धाकट्यांचं नाव लिहिलं, आणि ते बरोबरच होतं. घरच्या सामन्यांची शीट मात्र ताई लिहायची. दुकानातून आली की आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती संघांची, खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची नावं आधीच भरून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये घाई नको. पहिल्या वेळी तिने सवयीने दादाचं नाव लिहिलं. खरोखर सवयीने. सामन्याआधी धाकटे सही करायला वाकले, नाव वाचलं, ताईकडे बघितलं आणि त्या नावापुढे स्वतःची सही ठोकली. ताईची मान वर झाली नाही. तेव्हा पेन उचलून नाव खोडलं असतं तर विषय संपला असता. दुसऱ्या सामन्याला सवय वगैरे काही नव्हती. तिसऱ्यालाही नव्हती. घरचे अकरा सामने असे झाले. नऊ जिंकले, दोन हरले. बाराव्या सामन्याला थोरले मागच्या दाराने आत आले आणि बाकावर बसले, जणू काही घडलंच नाही. धाकटे एक जागा सरकले.

मी तेव्हा टेबलावर नवा होतो. सही कोणाची आणि नाव कोणाचं हे मला दिसत होतं. म्हटलं, त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला नाक खुपसा.

आणि मग तो शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी साडेसहाला सुवर्णमहोत्सवाचा सामना, त्याआधी क्रमवारीची घोषणा. पाच वाजता यादी बंद. दुपारी तीन वाजता ताईने ते खोकं उघडलं, अकरा कागद काढले आणि चिटणीसबाईंसमोर ठेवले. आवाज न चढवता तिने सगळं सांगितलं. गाडीचं सोडून. दादा काचेच्या खोलीत नव्हता, बाकावर धाकटे होते, चूक माझी, एवढंच.

चिटणीसबाईंचा रंग उडाला. त्यांनी नियमाचं पुस्तक काढलं. बंद झालेल्या शीटवरचं नाव खोडायचं असेल तर दोन सह्या लागतात, लिहिणाऱ्याची आणि ज्याचं नाव खोडलं त्याची. पाचपर्यंत दोन्ही झाल्या नाहीत तर कॉम्प्युटरमधले आकडे तसेच राहतील. ताईने विचारलं, आणि मी यादीखालची सही दिली नाही तर? बाई म्हणाल्या, तरी राहतील, फक्त खाली सही नसेल.

ताईने अकराही कागद कोर्टाशेजारच्या टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकावरचं भावाचं नाव निळ्या पेनाने एका सरळ रेघेने खोडलं आणि शेजारी आपली सही केली. मग मला म्हणाली, "दादा चारपासून मागे येऊन बसलाय. तू चल. एकटी गेले तर मला रडू येईल."

गाडी त्याच जागी होती, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. थोरले कोट घालून, टाय बांधून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. इंजिन बंद. आठवडाभर ताई त्यांना फोन करत होती आणि ते विषय निघाला की ठेवून देत होते. त्यांनी काच अर्धी खाली केली.

ताईने सांगितलं की नाव खोडलंय, आता दादाची सही लागेल.

"पहिला नंबर जाईल," थोरले म्हणाले.

"जाईल."

"आणि तो प्राध्यापक गावभर सांगेल, बघा, मी म्हणत नव्हतो का."

"सांगू दे. अकरा सामन्यांपुरतं त्याचं बरोबरच आहे."

थोरले समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांचा अंगठा स्टिअरिंगवर थडथड उडत होता आणि तो थांबवायला त्यांनी दुसरा हात वर ठेवला. मला जागच्या जागी विरघळून जावंसं वाटलं. मग ते म्हणाले की ठीक आहे, आण कागद इथे, सही करतो आणि घरी जातो, तो समारंभ मला नको.

"कागद टेबलावरून हलत नाही, दादा."

मी ताईचा दंड धरला. अकरा कागद आणायचे, दोन मिनिटांचं काम. अध्यक्षांना बावीस पायऱ्या उतरायला लावलंस ते ठीक, पण हा माणूस आज पुन्हा दारातून आत येऊ शकत नाही हे तुला सगळ्यांत जास्त माहीत आहे. हे सगळं मी बोललोही, दबक्या आवाजात, जरा तिखट. तिने माझा हात सोडवला आणि चालायला लागली. थोरल्यांनी काच वर केली.

टेबलापाशी आलो तेव्हा चार बत्तीस झाले होते. हॉल रिकामा. एका टोकाला दोघं शिडीवर चढून भिंतीवरच्या फलकावर कापड ताणत होते. ताई आपल्या जुन्या खुर्चीत बसली. मी माझ्या. सव्वीस वर्षं चोवीस सेकंद मोजणाऱ्या माणसाला नुसतं बसता येत नाही, मी मनातल्या मनात मोजत होतो. पाच मिनिटांत साडेबारा वेळा चोवीस होतात. चिटणीसबाई पावणेपाचला येऊन उभ्या राहिल्या, घड्याळ बघून गेल्या, पुन्हा आल्या. मी म्हटलं, ताई, अजून वेळ आहे, मी पळत जाऊन कागद नेतो. तिने मानेनेच नाही म्हटलं. दोन्ही पेनं तिने मुठीत अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. तिला भीती वाटत होती. मी तिला अंतिम सामन्यातसुद्धा घाबरलेलं बघितलं नव्हतं.

चार एक्कावन्नला मागचं दार वाजलं.

थोरले आत आले. दारातच थांबले, भिंतीला हात लावला. मग पाहुण्या संघाच्या बाकाला धरून, मग खुर्च्यांच्या पाठी एकेक धरत आले. मी उठायला लागलो तर ताईने माझा गुडघा दाबून मला खाली बसवलं. शेवटची दहा पावलं धरायला काही नव्हतं. ती त्यांनी मोकळ्या हाताने टाकली. कपाळावरून घाम निथळत होता.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

ताईने पेनाच्या टोकाने जागा दाखवली. ते सही करायला लागले. सही फेंगडी येत होती, पण येत होती. एक, दोन, तीन. चौथ्या कागदापाशी पेन थांबलं. तो हरलेला सामना होता. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली, दुसरा हरलेला कागद शोधला आणि दोन्ही बाजूला सरकवले.

म्हणाले, "हे दोन राहू देत माझ्याकडे. जिंकलेले नऊ त्याला दे. हरलेले कशाला त्याच्या गळ्यात?"

मला ते पटलं. चांगुलपणाच होता तो. उशिराचा, पण चांगुलपणा. नऊ दिले की धाकट्यांचे दोनशे तीन होत होते आणि दोन पराभवांचं कोणाला काही पडलं नव्हतं. घड्याळात चार पंचावन्न. चिटणीसबाईही मान डोलावत होत्या.

ताईने ते दोन कागद परत ओळीत ठेवले.

"बाकावर तो बसला होता, दादा. हरला तेव्हाही तोच बसला होता."

थोरल्यांनी बहिणीकडे बघितलं. पाचव्या फाउलच्या दिवशी बघितलं होतं तसंच, मला वाटलं आता पेन फेकतात. पण ते खाली वाकले आणि राहिलेल्या आठही कागदांवर सह्या केल्या, हरलेल्यांसकट. शेवटच्या कागदावर धाकट्यांच्या जुन्या सहीवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "तू का लिहीत गेलीस माझं नाव?"

"त्याचं लिहिलं असतं तर तू परत येणार नाहीस असं वाटायचं," ताई म्हणाली. "रोज संध्याकाळी तो रकाना आला की हात थांबायचा. मग लिहून टाकायची." आणि इथे तिला रडू आलं.

थोरले खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "सामना सुरू व्हायच्या आधी तो निवेदक शीट बघून नावं वाचायचा ना? गाडीत रेडिओवर मला ऐकू यायची. मी बाहेर बसलेला आणि आत माझं नाव वाचतायत. अकरा वेळा ऐकलं. बाराव्या वेळी म्हटलं, नाव रोज आत जातंय, आपणच तेवढे बाहेर."

चार अठ्ठावन्नला चिटणीसबाईंनी कागद उचलले. ताईने यादीखाली सही केली आणि एक ओळ वाढवायला लावली. घोषणेच्या आधी ती ओळ वाचली गेली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या घरच्या अकरा सामन्यांत प्रशिक्षकाचं नाव चुकीचं लिहिलं गेलं, चूक गुणलेखिकेची. सगळा हॉल वळून आमच्या टेबलाकडे बघायला लागला. महोत्सवाच्या सामन्यासाठी ताई तिथेच बसलेली होती, मान ताठ, कान लाल. पहिले प्राध्यापक. दुसरे थोरले. प्राध्यापक उठून उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग थोरल्यांकडे बघून नुसते बसले. ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच बघितले.

दहाव्या नावाला टाळ्या कमीच पडल्या. अर्ध्या लोकांना धाकटे आठवतच नव्हते. धाकटे कोणत्या तरी वरच्या रांगेतून उतरून आले, शाळेचाच कोट अंगावर. भिंतीवरच्या फलकाकडे न जाता ते सरळ टेबलाशी आले. ताईने त्यांच्याकडे बघितलं.

"ते हरलेले दोन?" धाकट्यांनी विचारलं. "ते पण आलेत ना माझ्याकडे?"

"आलेत."

"बरं," ते म्हणाले. "त्यातल्या एकात शेवटचा टाइमआउट मी घेतलाच नाही. अजून झोप लागत नाही मला त्यावरून. तो दुसऱ्याच्या नावावर होता, हे काही बरोबर नव्हतं."

मग ते घरच्या बाकाकडे गेले. थोरले त्या दिवसापुरते पहिल्या जागेवर बसले होते. ते उठले, एक जागा सरकले आणि रिकाम्या जागेवर हात आपटून दाखवला. धाकटे बसले. ताईने लाल पेनाचं टोपण काढलं आणि मी माझं घड्याळ चोवीसवर आणलं.